घरच्या खोलीत न्यूटनचा प्रिझम: नुसते रंग पाडू नका, पट्टा मोजा

डिसेंबर आला की ठाण्यातल्या, नवी मुंबईतल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते आणि कुठल्या ना कुठल्या टेबलावर प्रिझम असतोच. टॉर्च मारायचा, मागच्या कागदावर रंग पाडायचे, "पांढऱ्या प्रकाशात सात रंग असतात हे न्यूटनने सिद्ध केलं" हे पाठ केलेलं वाक्य म्हणायचं, झालं. मला हे मनापासून खटकतं. कारण एवढ्यावरून ते सिद्ध होतच नाही. एखाद्या पोराने विचारलं की कशावरून हे रंग प्रकाशात आधीपासून होते, काचेनेच दिले नसतील कशावरून, तर त्या टेबलाकडे उत्तर नसतं, आणि खरं सांगायचं तर हाच प्रश्न तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी सगळ्या युरोपाला पडला होता.

न्यूटनच्या आधी प्रिझम कोणाला माहीत नव्हता असं अजिबात नाही. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये इंद्रधनुष्यावर लिहिताना वापरलाय, इंग्लंडमध्ये बॉइलने वापरलाय, तिथल्याच हूकने १६६५ मध्ये रंगांवर भरपूर लिहिलंय. सगळ्यांचं म्हणणं फिरून फिरून एकच, की पांढरा प्रकाश शुद्ध आणि रंग म्हणजे त्याच्यात झालेला बदल, कोणी म्हणायचं सावलीशी गाठ पडल्यामुळे, कोणी म्हणायचं काचेत वाकल्यामुळे. देकार्तला वाटायचं प्रकाशाचे बारीक गोळे वेगवेगळ्या वेगाने गरगरायला लागतात आणि त्याचा रंग दिसतो, हूकला वाटायचं प्रकाशाचा ठोका तिरका होतो. यातला कोणीही आपल्या प्रदर्शनातला टॉर्चवाला प्रयोग बघून म्हणाला असता, बघा, मी काय म्हणत होतो.

तेव्हा हा प्रयोग घरी कसा करायचा ते सांगते, पण त्याच क्रमाने ज्या क्रमाने विचार बदलला. सामान फार नाही. वेळ आणि अंधार मात्र लागतो.

खिडकी कुठली, ऊन कधीचं

ऊन हवंच. मोबाईलचा टॉर्च या प्रयोगाला चालत नाही, कारण पुढचा सगळा हिशोब सूर्य आकाशात केवढा दिसतो यावर आहे (साधारण अर्धा अंश). आपल्याकडे जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, आकाश स्वच्छ आणि सूर्य खाली असतो त्यामुळे ऊन खोलीत आतपर्यंत येतं.

पूर्वेची खिडकी असेल तर सकाळी आठ-साडेआठ. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या बाजूला राहत असाल तर पूर्वेला डोंगर आहे, तिथे ऊन थोडं उशिरा उतरतं, तेवढा वेळ धरा. दक्षिणेची खिडकी असेल तर डिसेंबरच्या शेवटी दुपारी साडेबाराच्या आसपास करा, तेव्हा सूर्य आपल्याकडे साधारण ४७ अंशांवर असतो, किरण सरळ जमिनीकडे जातो पण प्रिझम त्याला उचलून समोरच्या भिंतीवर नेतो, आणि साधारण हीच मांडणी न्यूटनने केंब्रिजच्या खोलीत केली होती. वर छज्जा असेल तर भोक खिडकीच्या खालच्या भागात ठेवा नाहीतर सावलीत जाईल. पश्चिमेची खिडकी संध्याकाळी चालते, फक्त येऊरच्या पायथ्याकडच्या सोसायट्यांत सूर्य लवकर डोंगराआड जातो. आणि समोर काचेचा टॉवर असेल तर त्याच्यावरून आलेलं ऊन घेऊ नका, एकावर एक दोन-तीन प्रतिमा येतात आणि मोजमाप बिघडतं.

स्लायडिंगची काच सरकवून मोकळ्या जागेत फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा बसवायचा, कडा टेपने बंद. मच्छरची जाळी बाजूला सरकवा, तिच्यातून किरण विस्कटतो. ग्रिलची सळई आड येत नाही ना तेही बघून घ्या. पुठ्ठ्यात रुपयाएवढं भोक पाडा आणि त्याच्यावर काळ्या कार्डपेपरचा तुकडा चिकटवा, ज्याच्यात ऑफिसच्या पंचिंग मशीनने एक भोक पाडलंय. पंचिंगचं भोक साधारण सहा मिलिमीटरचं असतं आणि न्यूटनने खिडकीच्या फळीला पाडलेलं भोक पाव इंचाचं होतं, म्हणजे जवळजवळ तेवढंच.

प्रिझम दोन घ्या, काचेचे, साठ अंशांचे, शाळेच्या लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. प्लास्टिकचा नको, त्याच्या बाजू नीट सपाट नसतात. त्याशिवाय एक मोठं भिंग, मोजपट्टी, पेन्सिल, थोडा क्ले किंवा चक्क कणकेचा गोळा प्रिझम बसवायला. मुलांना आधीच बजावून ठेवा, भोकाला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही आणि प्रिझममधून तर बिलकुल नाही.

आधी प्रिझम न लावता

ही पायरी सगळे गाळतात आणि तिथेच प्रयोग हातातून जातो. प्रिझम बाजूला ठेवा, नुसत्या भोकातून आलेला किरण पांढऱ्या कागदावर घ्या, कागद किरणाला काटकोनात धरा आणि ठिपका मोजा. तो गोल असेल. भोक तिकोनी कापलंत तरी लांबवर ठिपका गोलच पडतो कारण ते भोकाचं चित्र नाही, सूर्याचं चित्र आहे. मोठा किती असायला हवा याचा हिशोब सोपा, भोकापासून कागद जितक्या मिलिमीटरवर त्याला १०७ ने भागा आणि त्यात भोकाचे सहा मिलिमीटर मिळवा. तीन मीटरवर साधारण ३४ मिलिमीटर येतात. दुपारी दक्षिणेकडून करत असाल तर किरण तीन मीटर जायच्या आधीच जमिनीला टेकेल, मग जेवढं अंतर मिळेल तेवढ्यावर मोजा आणि पुढचं हिशोबाने काढा.

हा आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. पुढची सगळी गोष्ट या एका आकड्याभोवती फिरते.

आता प्रिझम

भोकाच्या अगदी जवळ प्रिझम ठेवा. सकाळचं ऊन असेल तर उभा, म्हणजे पट्टा बाजूच्या भिंतीवर आडवा पसरेल. दुपारचं असेल तर आडवा, धार खाली, म्हणजे किरण वर उचलला जाईल. रंग लगेच दिसतील आणि खोलीत आरडाओरडा होईल, तो होऊ द्या.

मग प्रिझम हळूहळू एकाच दिशेने फिरवा. भिंतीवरचा पट्टा एका बाजूला सरकत जातो, सरकत जातो, एका जागी थांबतो आणि तुम्ही त्याच दिशेने फिरवत राहिलात तरी उलटा परत यायला लागतो. तो जिथे थांबतो तिथे प्रिझम पक्का करा. हे चोचले नाहीत. या जागी किरण जेवढ्या कोनात आत शिरतो तेवढ्याच कोनात बाहेर पडतो, आणि त्या काळी माहीत असलेल्या अपवर्तनाच्या नियमाप्रमाणे बघितलं तर इथे ठिपका गोलच राहायला हवा. दुसऱ्या कुठल्याही जागी तो एकाच रंगाचा असला तरी थोडाफार ताणला जातो, मग कोणीही म्हणेल की तुम्ही प्रिझम वाकडा धरलात म्हणून पट्टा लांब झाला.

आता मोजा, आणि पटकन, कारण सूर्य थांबत नाही, चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो, म्हणजे तीन मीटरवरच्या भिंतीवर तुमचा पट्टा चार मिनिटांत पाच सेंटीमीटर पळालेला असेल. एकाने दोन्ही टोकांना आणि दोन्ही कडांना पेन्सिलची खूण करायची, मोजणं नंतर. रुंदी तुमच्या आधीच्या ठिपक्याएवढीच निघेल, ३४ च्या आसपास. लांबी मात्र साध्या काचेच्या प्रिझमने साधारण तिप्पट, फ्लिंट नावाच्या जड काचेच्या प्रिझमने त्याहून बरीच जास्त.

न्यूटनची भिंत बावीस फुटांवर होती. त्याचा पट्टा सव्वातेरा इंच लांब आणि दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच रुंद आला, पाचपट. फेब्रुवारी १६७२ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलेल्या पत्रात त्याने हे आकडे दिलेत आणि पुढे एकेक शक्यता खोडून काढलीय, काच जाड-पातळ म्हणून असं होतं का, काचेत खोट आहे का, भोक लहानमोठं केलं तर काय, सूर्याच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे किरण वेगळ्या कोनात येतात म्हणून का, किरण प्रिझमनंतर वळणावळणाने जातात का. एकानेही पाचपट लांबी येत नव्हती. मला हे पत्र याच जागी सगळ्यात जास्त आवडतं. रंग सगळ्यांनी बघितले होते, पण पट्टा लांब का, तो गोल का नाही, हा प्रश्न त्याला पडला.

तुमची मुलं म्हणतील न्यूटनचं पाचपट आणि आपलं तिप्पट का? हा प्रश्न फार भारी आहे, उडवून लावू नका. १६७६ मध्ये लीएजच्या अँथनी लुकस नावाच्या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्याने हेच पत्राने कळवलं होतं, की मला जास्तीत जास्त साडेतीनपट मिळते. न्यूटनला ते पटलं नाही, तो चिडला. आज आपल्याला माहीत आहे की काच बदलली की पसरणं बदलतं, तेव्हा दोघांचंही मोजमाप बरोबर असू शकतं. पण न्यूटनने धरून ठेवलं की रंग पसरणं हे वाकण्याच्या ठरावीक प्रमाणातच होतं आणि म्हणून भिंगांच्या दुर्बिणीत कडेला येणारे रंग कधीच घालवता येणार नाहीत, म्हणून त्याने आरशाची दुर्बीण बनवली. आरशाची दुर्बीण उत्तमच निघाली, पण १७५८ मध्ये डॉलंडने दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून रंग घालवून दाखवले. शक्य असेल तर दोन वेगळ्या काचांचे प्रिझम मिळवा आणि लुकसचं भांडण घरात सोडवा, याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

कागद जवळ, कागद लांब

हे दोन मिनिटांचं आहे पण सोडू नका. पांढरा कागद प्रिझमच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर आणा. मधे पांढरं दिसेल, एका कडेला लाल-पिवळं, दुसऱ्या कडेला निळं-जांभळं, हिरवा कुठेच नाही. कागद हळूहळू मागे न्या, मधला पांढरा भाग आक्रसत जातो, संपतो आणि तिथे हिरवा येतो. आता समजेल की ज्यांचा पडदा जवळ होता त्यांना रंग म्हणजे कडेचा प्रकार का वाटला. पुढे १८१० मध्ये जर्मन कवी गटेनेही रंगांवर जाडजूड ग्रंथ लिहून न्यूटनला चूक ठरवायचा प्रयत्न केला, त्याची सुरुवात अशीच, प्रिझममधून पांढऱ्या भिंतीकडे बघितलं तर भिंत पांढरीच दिसली, रंग फक्त कडांना. त्याने जे बघितलं ते खरं होतं. भिंतीच्या प्रत्येक बिंदूचा पट्टा शेजारच्या पट्ट्यांवर पडतो आणि मधे सगळं पुन्हा पांढरं होतं, कडेला शेजारी नसतो म्हणून तिथे रंग उरतो.

दुसरा प्रिझम, म्हणजे खरा निकाल

न्यूटन याला निर्णायक प्रयोग म्हणायचा. पहिल्या प्रिझमच्या लगेच मागे भोक असलेलं एक कार्ड उभं करा. दोन-तीन मीटरवर दुसरं कार्ड, त्याला चार-पाच मिलिमीटरचं भोक, आणि त्या भोकामागे दुसरा प्रिझम कणकेने घट्ट बसवलेला. न्यूटनची दोन फळ्यांमधली जागा बारा फूट होती, आपल्या वन बीएचकेत हॉलमधून पॅसेजमध्ये शिरावं लागेल, हरकत नाही. दुसऱ्या प्रिझमच्या मागे मीटरभरावर पांढरा कागद. दुसरं कार्ड आणि दुसरा प्रिझम एकदा लावले की त्यांना हात लावायचा नाही, अजिबात नाही. फक्त पहिला प्रिझम एकाने किंचित किंचित फिरवायचा, म्हणजे दुसऱ्या भोकावर कधी लाल येईल, कधी हिरवा, कधी जांभळा.

दोन्ही भोकं जागच्या जागी असल्यामुळे प्रत्येक रंग दुसऱ्या प्रिझमवर एकाच कोनातून येतो. तरीही कागदावर लाल एका जागी पडतो आणि जांभळा दोन-अडीच सेंटीमीटर पुढे. खुणा करत जा. आणि लाल लालच राहतो, त्याच्यातून नवा पट्टा फुटत नाही. काच जर रंग घालत असती तर दुसऱ्या काचेनेही घातला असता. इथे पहिल्यांदा रंगाला एक आकडा चिकटला, अमुक रंगाचा प्रकाश अमुक काचेत इतका वाकतो, आणि तो आकडा कशानेही बदलत नाही.

तुमच्या कागदावर ठिपक्याच्या कडेला थोडा शेजारचा रंग दिसेलच, घाबरू नका. फ्रान्समध्ये मारियोतने १६८१ मध्ये नेमकं हेच बघून जाहीर केलं की न्यूटन चूक आहे, जांभळ्यातून पुन्हा लाल-पिवळे निघाले. कारण एवढंच की पट्ट्यात सूर्याची गोल चित्रं एकावर एक पडलेली असतात, त्यामुळे एका जागी शेजारचे रंगही थोडे असतात. भोकं लहान करा, अंतर वाढवा, कडेचा रंग कमी होत जातो, आणि कमी होतोय हेच मुलांना दाखवायचं.

हूकचा आक्षेप मात्र वेगळा होता आणि मला तो पोकळ वाटत नाही. तो म्हणाला, प्रयोग मान्य, पण ऑर्गनच्या नळ्यांतून निघणारे सूर भात्यातल्या हवेत आधीच होते असं आपण म्हणतो का? रंग बाहेर पडल्यावर बदलत नाहीत हे दाखवलंत, ते पांढऱ्यात आधी होते हे कुठे दाखवलं? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेलेसारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी गंभीरपणे पुन्हा घेतला. न्यूटन या वादांना इतका कंटाळला की प्रकाशावरचा त्याचा मोठा ग्रंथ १७०४ मध्ये आला, हूक वारल्यावर वर्षभराने.

हूकला न्यूटनचं जे उत्तर होतं ते पुढच्या पायरीत.

रंग परत एकत्र करा

पूर्ण पट्टा भिंगावर घ्या. भिंगाच्या पलीकडे कागद मागेपुढे करा, एका जागी सगळे रंग एका ठिपक्यात येतात आणि तो ठिपका पांढरा होतो, सोडूनच द्या बाकीचं, हा क्षण बघायला तरी प्रयोग करा. कागद आणखी मागे नेला की रंग पुन्हा सुटतात, पण उलट क्रमाने. आता पांढरा ठिपका धरून ठेवा आणि भिंगाच्या आधी पट्ट्यातला लाल भाग पेन्सिलने अडवा, ठिपका निळसर हिरवा होतो. निळा अडवा, पिवळसर होतो. केसांचा कंगवा सावकाश फिरवला तर ठिपका रंग बदलत जातो, भरभर फिरवला की पुन्हा पांढरा. कंगवा माझी आयडिया नाही, न्यूटननेच वापरलाय.

त्याच पट्ट्यात वस्तूही धरून बघा. कुंकू लाल भागात झगझगीत दिसतं, निळ्या भागात काळपट, लाल कुठेच उरत नाही. निळीची पूड उलट. न्यूटनने शेंदूर आणि एका निळ्या रंगाच्या पुडीने हेच केलं होतं, आणि त्यातून निघालं की वस्तूचा रंग म्हणजे ती कुठला प्रकाश जास्त परत पाठवते ते.

एक अपवाद मुद्दाम दाखवा. पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर छोट्या काचेच्या बाटलीत घ्या, चिमूटभर हळद टाकून हलवा, गाळ बसू द्या. ती बाटली जांभळ्या भागात आणि त्याच्याही थोडी पलीकडे धरा, हिरवट चमक येते. जांभळा गेला आणि हिरवा आला, म्हणजे इथे रंग बदलला! याचा उलगडा १८५२ मध्ये स्टोक्सने केला, काही पदार्थ एक प्रकाश गिळून दुसरा बाहेर टाकतात. आणि जांभळ्याच्या पलीकडे दिसत नाही तरी काहीतरी आहे हे रिटरने १८०१ मध्ये दाखवलं होतं, लालच्या पलीकडे थर्मामीटर ठेवून उष्णता हर्शेलने १८०० मध्ये पकडली. दोघांकडेही साधनं म्हणजे प्रिझम आणि एक नीट विचारलेला प्रश्न.

सात रंगांबद्दल थोडंच. तानापिहिनिपाजा पाठ असतंच, पण पट्ट्यावर सीमा आखायला चार जणांना वेगवेगळ्या पेन्सिली द्या आणि एकमेकांच्या रेषा दाखवू नका, रेषा जुळत नाहीत. न्यूटन स्वतः आधी पाच रंग म्हणायचा, नंतर सप्तकातल्या सुरांशी जुळवत सात केले. पट्टा अखंड आहे, सात ही मोजणाऱ्याची निवड.

एक बारीक फट

आता भोकाच्या जागी फट. दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवून मधे मिलिमीटरभर जागा सोडा, ही फट मोकळ्या उजळ आकाशाकडे असू द्या, त्या खिडकीत ऊन नसताना, सूर्याकडे नाही म्हणजे नाही. तीन-साडेतीन मीटर मागे जाऊन उभे राहा, प्रिझम डोळ्याजवळ फटीला समांतर धरा आणि फटीकडे बघा. रंगांचा पट्टा दिसेल, आणि डोळे अंधाराला सरावले, प्रिझम फ्लिंटचा असला, तर त्यात काही बारीक काळ्या रेषा. १८०२ मध्ये वोलस्टनने असंच, दहा-बारा फुटांवरून, डोळ्याजवळ प्रिझम धरून त्या बघितल्या. न्यूटनला त्या दिसल्या नाहीत. वोलस्टनला त्यातल्या काही रंगांच्या सीमा वाटल्या. १८१४ मध्ये फ्राउनहोफरने दुर्बीण जोडून अशा पाचशेहून जास्त रेषा मोजल्या आणि १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेनने सांगितलं की या रेषा म्हणजे मूलद्रव्यांच्या सह्या आहेत. सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे ते कळायला लागलं.

इथे आपल्या कोकणाचा संबंध येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला, किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने तिथे बसून हेलियम शोधला असं आपण अभिमानाने सांगतो. अभिमान ठेवा, पण गोष्ट नीट सांगा. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता, त्याने सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिथूनच बघितली, ग्रहण नसताना. त्या ग्रहणासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आला होता तो गुंटूरला. ती रेषा सोडियमच्या रेषांच्या शेजारची पण त्यांच्याशी न जुळणारी, म्हणून नवं मूलद्रव्य. पृथ्वीवर हेलियम रॅमझेला सापडला तो १८९५ मध्ये.

सोडियमची रेषा तुम्हाला स्वयंपाकघरातच दिसेल. दिवे बंद, निरांजनाकडे प्रिझममधून बघा, ज्योत रंगांत पसरते. मग मिठाच्या पाण्यात बुडवलेला जुना स्टीलचा चमचा पकडीने धरून गॅसच्या ज्योतीत न्या, ज्योत पिवळी होईल, तिच्याकडे बघा. पिवळी ज्योत पसरत नाही, जशीच्या तशी, नीट कडांसकट दिसते, कारण तो पिवळा जवळजवळ एकाच प्रकारचा प्रकाश आहे. चमचा मोठ्यांनीच धरायचा.

पावसाळ्यात काय

जुलैत ऊन नाही म्हणून प्रिझम डब्यात टाकू नका. मोबाईलवर चित्र काढायचं कुठलंही ॲप उघडा, पूर्ण काळा पडदा, त्यावर एक बारीक पांढरी उभी रेघ, ब्राइटनेस फुल, खोलीत अंधार. प्रिझम डोळ्याजवळ उभा धरून दोन-तीन फुटांवरून बघा. सूर्यासारखा सलग पट्टा येत नाही, लाल, हिरवा, निळा असे ठळक भाग येतात, कारण पडद्यात तेवढेच तीन दिवे आहेत. आता रेघ पिवळी करा. ती फुटून एक लाल आणि एक हिरवी होते! पडद्यावर पिवळा प्रकाश वेगळा असा बनवलेलाच नाही. डोळ्यात प्रकाश टिपणारे तीन प्रकारचे ग्राहक असावेत आणि त्यांच्या मिश्रणातून सगळे रंग दिसत असावेत हा अंदाज थॉमस यंगने १८०२ च्या आसपास मांडला, आणि आपल्या हातातला प्रत्येक स्क्रीन त्याच आधारावर चालतो.

मिठाची पिवळी ज्योत आणि मोबाईलची पिवळी रेघ एकाच संध्याकाळी करा. दोन्ही पिवळे मुलांना आधी नुसत्या डोळ्यांनी दाखवा, सारखे आहेत का ते वहीत लिहायला लावा, आणि मगच प्रिझम त्यांच्या हातात द्या.